बंद यंत्रातील ठेवा

यंत्रे माणसाच्या इतक्या निकट आली आहेत, की त्यांच्याविषयी बोलताना तो माणसांचीच भाषा वापरू लागला आहे. घड्याळ चालते, मोटार रुसते, विहिरीवरचा पंप धाप टाकतो आणि घरातील संगणक एखाद्या दिवशी चक्क ‘मरतो’. कळ दाबली तरी पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, पडदा काळाच्या काळा राहतो. घरातील मंडळी दोनचार वेळा कळ दाबून पाहतात, एखादा पेटीवर हलकेच थाप मारून पाहतो आणि मग सर्वानुमते निकाल दिला जातो, की संगणक गेला. पुढे चार दिवसांनी भंगारवाल्याची आरोळी ऐकू येते आणि ते सारे ओझे किलोच्या भावाने दाराबाहेर पडते.

हा निकाल देण्यात बहुधा फार घाई होते. पूर्वी खेड्यांतील बाया चूल विझली असे म्हणण्यापूर्वी राख उकरून पाहत असत. कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेखाली सकाळचा विस्तव पेटविण्यापुरता निखारा पुष्कळदा जिवंत असे. बंद पडलेल्या संगणकाचीही स्थिती अशीच असते. मात्र त्याचा निखारा कोठे दडलेला असतो, हे ठाऊक असले पाहिजे.

संगणकाची पेटी उघडली, की आत जणू एक लहानसा कारखानाच दिसतो. एका कोपऱ्यात वीज पुरविणारी पेटी असते. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज संगणकाला जशीच्या तशी चालत नाही. ती पेटी तिचे सौम्य अशा १२, ५ व ३.३ व्होल्टच्या विजेत रूपांतर करून देते. मधोमध एक मोठा हिरवट पट असतो, त्यास मदरबोर्ड म्हणतात. त्यावर आकडेमोड करणारा प्रोसेसर असतो आणि ‘रॅम’ नावाची तात्पुरती स्मृती असते. याखेरीज एका कप्प्यात स्क्रूंनी घट्ट बसविलेली धातूची एक जड पेटी असते. हीच हार्ड डिस्क होय. रॅम आणि हार्ड डिस्क यांतील भेद पाटी आणि वही यांच्यासारखा आहे. पाटीवरचे गणित ओल्या फडक्याने पुसले जाते. त्याचप्रमाणे वीज जाताच रॅममधील सारे नाहीसे होते. वहीतील अक्षर मात्र दप्तर बंद केले तरी जागच्या जागी राहते.

संगणक बंद पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा वहीत नसतोच. धूळ साचून पंखा अडतो, उन्हाळ्याच्या तापाने वीजपेटीतील किंवा मदरबोर्डावरील भाग फुगून निकामी होतात, एखाद्या पावसाळी रात्री विजेचा दाब एकाएकी वाढतो. अशा वेळी एक अवयव गेलेला असतो. स्मृती शाबूत असते. म्हणूनच ‘संगणक गेला’ या वाक्यावर जाणत्याने पहिला प्रश्न विचारावा, तो हा, की ‘त्यातील नेमके काय गेले?’

हार्ड डिस्कची रचना मोठी विस्मयकारक आहे. अशा स्वरूपाचे पहिले यंत्र १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने बाजारात आणले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्याचे वजन एक टनाच्या घरात होते आणि एवढ्या अवाढव्य पसाऱ्यात अवघी पन्नास लाख अक्षरे मावत असत. आज तळहातावर राहील एवढ्या पेटीत एखाद्या मोठ्या ग्रंथालयातील सर्व पुस्तकांचा मजकूर सहज सामावतो. आत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांवरून वाचणारे व लिहिणारे एक सूक्ष्म टोक हवेच्या झोतावर तरंगत जाते. तबकडी आणि ते टोक यांमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी असते. तेथे धुळीचा कण म्हणजे रस्त्यात आडवा आलेला डोंगरच! म्हणून त्या पेटीचे झाकण घरी कधीही उघडावयाचे नसते. तबकडीवरची अक्षरे चुंबकत्वाच्या रूपाने असतात आणि चुंबकत्व टिकण्यास वीज लागत नाही. खणात वर्षानुवर्षे पडलेला लोहचुंबक जसा टाचण्या उचलतो, तशीच पडून राहिलेली डिस्कही आपली अक्षरे बाळगून असते.

आता सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यासारख्या कमी पावसाच्या मुलुखातील एका शेतकऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील आजोबांना एक छंद आहे. अंगणात त्यांनी पर्जन्यमापक बसविला आहे. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता ते त्यातील पाणी मोजतात. दर अमावास्येला दोर सोडून विहिरीच्या पाण्याची खोली पाहतात आणि दोन्हींची नोंद ठेवतात. पहिली काही वर्षे ही नोंद वह्यांत होती. पुढे घरात संगणक आला तेव्हा त्यांनी चिकाटीने सर्व आकडे त्यात उतरविले. वह्या माळ्यावर गेल्या आणि तेथे वाळवीने त्यांचा फडशा पाडला. राहिली ती संगणकातील एकच प्रत. आणि नेमका गावात बंधारा कोठे घालावा, कोणती विहीर खोल करावी याचा विचार सुरू झाला, पूर्वी कोणकोणत्या वर्षी पाणी आटले होते याची विचारणा आजोबांकडे आली, त्याच आठवड्यात संगणक बंद पडला.

सातवीत शिकणाऱ्या नातीच्या डोळ्यांत पाणी आले. सुटीवर आलेल्या मामाला तिने विचारले, “मामा, आजोबांची सगळी नोंद गेली का हो?”

“दुकानाचं शटर खाली ओढलेलं आहे,” मामा म्हणाला, “आतला माल गेला की नाही, ते आत गेल्यावर कळेल. आधी ती कळ पुन्हापुन्हा दाबणं थांबव.”

मामाची कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. त्याने प्रथम विजेची वायर काढली आणि थोडा वेळ काहीच केले नाही. वीजपेटीत काही काळ विजेचा साठा राहतो, तो ओसरू दिला. वीजपेटीला त्याने हातही लावला नाही. मग पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालविली; कारण कोरड्या हवेत अंगरख्याच्या घर्षणाने निर्माण झालेली ठिणगीसुद्धा नाजूक भागांना पुरेशी होते. स्क्रूड्रायव्हरने काढलेला प्रत्येक स्क्रू नातीने एका वाटीत जमा केला आणि कोणती केबल कोठे होती याचे चित्र तिने वहीत काढून ठेवले. संगणक जुना असल्याने डिस्कला एक रुंद, चपटी, पट्ट्यासारखी केबल जोडलेली होती. नव्या संगणकांत तिची जागा अरुंद ‘साटा’ केबलने घेतली आहे. ती व विजेची जोडणी अलगद सोडवून मामाने डिस्क बाहेर काढली. तालुक्याच्या गावाहून त्याने एक लहानसे जोडउपकरण आणले होते. त्याचे एक टोक डिस्कला, दुसरे चांगल्या लॅपटॉपला लागत होते आणि डिस्क फिरविण्यापुरती वीज त्यास निराळी मिळत होती.

डिस्क फिरू लागली. मामाने पेटीला कान लावला. टकटक असा खडखडाट ऐकू आला असता, तर त्याने त्याच क्षणी वीज बंद केली असती. कारण ते आतील टोकाला इजा झाल्याचे लक्षण असते आणि अशी डिस्क फिरती ठेवणे म्हणजे उरलेली अक्षरेही खरवडून काढणे होय. परंतु आवाज संथ व एकसारखा होता. क्षणभराने लॅपटॉपच्या पडद्यावर जुन्या संगणकातील कप्पे दिसू लागले. नात आनंदाने ओरडली आणि नोंदीची फाईल लगेच उघडण्यासाठी पुढे सरसावली. मामाने तिचा हात धरला. आधी सर्वच्या सर्व नक्कल, मग वाचन, आणि मूळ डिस्कवर एक अक्षरही नवे लिहावयाचे नाही, असा त्याचा नियम होता. आगीतून बाहेर काढलेली पोथी तेथेच उभे राहून कोणी चाळीत बसत नाही. ती आधी सुरक्षित जागी नेतात.

नक्कल होत असताना नातीच्या मनात एक कल्पना आली. ही डिस्क शेजारच्या दुसऱ्या संगणकात बसविली, तर आजोबांचा जुना संगणकच जसाच्या तसा जिवंत होणार नाही का? कल्पना चांगली होती. परंतु तीत एक अडचण होती. डिस्कवर केवळ फायली नसतात. संगणकाचा सर्व व्यवहार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीमही तेथेच असते. एखाद्या जुन्या वाड्याचा कारभारी असावा, तशी ती असते. कोणत्या दाराला कोणती किल्ली, धान्य कोणत्या बळदात, कोणाला कोठे बसवावयाचे, हे सारे तो जाणतो. पण त्याला एकाएकी परक्या वाड्यात नेऊन उभे केले, तर दारेही निराळी आणि किल्ल्याही निराळ्या! जुनी विंडोज एक्सपी नव्या मदरबोर्डावर लावली असता पुष्कळदा निळा पडदा दाखवून थांबते, ती याच गोंधळामुळे. शिवाय अशा प्रणालीचा परवाना बहुधा ज्या यंत्राबरोबर ती विकत घेतली त्या यंत्राशीच बांधलेला असतो. लिनक्स ही प्रणाली या बाबतीत अधिक सोशिक आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिच्या गाभ्याचा आरंभ केला आणि जगभरच्या लोकांनी ती मोकळेपणाने वाढविली. दर वेळी सुरू होताना ती आपल्या भोवतीचे भाग नव्याने ओळखून घेते. पेनड्राइव्हवरूनही ती चालू होते. म्हणून ज्या संगणकाचा देह धड आहे पण मूळ कारभारीच आजारी पडला आहे, अशा ठिकाणी आतील चीजवस्तू बाहेर काढण्यास तिचा मोठा उपयोग होतो.

“म्हणजे कारभारी आपल्याला नकोच,” नात म्हणाली, “धान्य तेवढं मिळालं म्हणजे झालं!”

तिचे हे म्हणणे अर्धेच खरे ठरले. नक्कल पुरी झाल्यावर फाईल उघडली, तेव्हा पावसाचे आकडे स्वच्छ दिसले. परंतु शेजारच्या ‘शेरा’ या रकान्यात मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे, चिन्हे आणि ठिपके यांचा निव्वळ चिवडा झालेला होता. आजोबा हिरमुसले. आकड्यांपेक्षा शेऱ्यांचे मोल त्यांना अधिक वाटत होते. कारण ओढ्याला पूर कधी आला, पेरणी केव्हा साधली, कोणत्या वर्षी टँकर सुरू झाला, हे सारे त्या रकान्यात होते.

मराठीच्या संगणकीय इतिहासातील एक जुनी गोष्ट येथे आडवी आली होती. युनिकोड या जागतिक संकेताच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु तो संकेत घरोघर रूढ होण्यास पुढे बरीच वर्षे लागली. तोवर मराठी टंक तयार करणारे आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवीत असत. तो विशिष्ट टंक संगणकात असला म्हणजे मराठी दिसे. नसला म्हणजे मागचे रोमन अक्षर उघडे पडे. आजोबांचा मजकूर शाबूत होता. हरवली होती ती तो वाचण्याची दृष्टी. आणि ती होती त्या जुन्या कारभाऱ्याच्या कोठीत! मामाने नक्कल केलेल्या डिस्कवरील विंडोजच्या कप्प्यात टंकांचा शोध घेतला, तेथून तो जुना टंक उचलून लॅपटॉपला दिला आणि फाईल पुन्हा उघडली. त्यासरशी चिवड्यातून शब्द उभे राहिले. ‘मृगाचा पाऊस नाही. विहिरीत दोन हात पाणी.’ आजोबांनी चष्मा पुसला आणि ते वाक्य दोनदा वाचले. एका वर्षाची फाईल मात्र बिघडली होती. ती काही केल्या उघडली नाही. बाकी सारे हाती आले.

घरातील एका टेबलावर जे घडले, तेच विज्ञानाच्या जगात कितीतरी भयंकर परिस्थितीत एकदा घडलेले आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकन अवकाशयान सात अंतराळवीरांना घेऊन निघाले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्यांतील एक होत्या. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. १ फेब्रुवारी रोजी पृथ्वीकडे परतताना, उतरण्यास अवघी सोळा मिनिटे उरली असता, त्या खिंडारातून तप्त वायू आत शिरले आणि टेक्सास राज्यावर सुमारे साठ किलोमीटर उंचीवर यानाचे तुकडे झाले. सातही वीर मृत्यू पावले. पुढे कित्येक महिने माणसांनी रानेवने, शेते व तळी पालथी घालून यानाचे सुमारे ८४,००० अवशेष गोळा केले.

त्यांतच एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात एक हार्ड डिस्क सापडली. ती ओळखूही येत नव्हती. तिचे भाग वितळून एकमेकांस चिकटले होते, कडेचे सील जळाल्याने आत धूळ शिरली होती. मिनेसोटा राज्यातील तज्ज्ञांकडे ती सोपविण्यात आली. त्यांनी तबकड्या सोडवून रसायनाने स्वच्छ केल्या आणि नव्या पेटीत बसविल्या. तबकड्यांना खळगे पडलेले होते. परंतु ते ज्या भागावर अजून काही लिहिलेच नव्हते, त्या भागावर पडले होते. हा संगणक ‘डॉस’ या जुन्या, साध्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत होता. ती माहिती डिस्कभर विखरून न ठेवता एका बाजूने ओळीने भरत जाते. कारभाऱ्याच्या शिस्तीमुळे धान्य वाचले, असेच म्हणावयास हवे. दोन दिवसांच्या श्रमांनी ९९ टक्के माहिती परत मिळाली.

ती माहिती होती झेनॉन या वायूविषयीची. काही पदार्थ ढवळले असता पातळ होतात. बाटलीतील टोमॅटो सॉस हलविल्यावर भसकन बाहेर येतो, तो याच गुणामुळे. एका विशिष्ट तापमानाला व दाबाला झेनॉनही तसाच वागतो की काय, हे पाहावयाचे होते. पृथ्वीवर स्वतःच्याच भाराने वायूचा खालचा थर दाबला जातो, म्हणून तो प्रयोग अवकाशात करणे भाग होते. काही आकडे उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पाठविले गेले होते; उरलेले या डिस्कवर होते. झेनॉन खरोखरच तसा वागतो, हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. यानावरील दुसऱ्या दोन डिस्क मात्र कोणालाही वाचता आल्या नाहीत. गेलेले सात जीव तर कोणत्याच विद्येने परत येणार नव्हते. पण त्यांनी सोळा दिवस अवकाशात राहून केलेल्या कष्टांचा एक भाग वाया गेला नाही.

अशा गोष्टी ऐकून ‘काहीही गेले तरी परत मिळते’ असा समज करून घेणे घातक होय. आजच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये स्मृती मदरबोर्डावरच कायमची जडविलेली असते. ती सोडवून घेता येत नाही. कित्येक संगणकांत माहिती कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवलेली असते. तेथे डिस्क हाती लागली तरी किल्लीचा अंक जवळ नसला, तर तिजोरी मिळून पैसा मिळू नये तशी गत होते. म्हणून महत्त्वाच्या लेखनाची दुसरी प्रत संगणक धडधाकट असतानाच निराळ्या जागी ठेवावी. विहीर भरलेली असताना पाण्याचा हिशेब ठेवणे जसे शहाणपणाचे, तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जी डिस्क आपल्याला वाचता येते, ती परक्यालाही येते. फाईल नुसती काढून टाकली म्हणजे बहुधा तिचे नाव तेवढे सूचीतून जाते. मजकूर मागे राहतो. म्हणून जुना संगणक देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी किंवा ती पूर्ण पुसावी. उरलेल्या सांगाड्यात शिशासारखी विषारी द्रव्येही असतात. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याविषयीच्या नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांकडे गेला पाहिजे. उकिरड्यावर जाळला जाता कामा नये.

यंत्रे झिजावयाचीच, ती कोणालाही आयुष्यभर पुरलेली नाहीत. परंतु यंत्रात जे साठविलेले असते ते यंत्राचे नसते. ते कोणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या सकाळींचे, श्रमांचे आणि निरीक्षणांचे असते. ते सोडवून घेण्यास फार मोठी विद्या लागते असेही नाही. घाई न करण्याची सवय, एक स्क्रूड्रायव्हर, सुटे स्क्रू जपून ठेवण्याची एक वाटी आणि आधी नक्कल करून मग वाचण्याचा संयम एवढे असले, की पुष्कळदा काम होते. भंगारवाल्याची हाक ऐकून दार उघडण्यापूर्वी पेटी एकदा उघडावी.